लेन्स आणि कृत्रिम अश्रू

सकाळी डोळ्यांत लेन्स घालून बेगडेवाडीच्या स्थानकावर पुण्याकडे जाणारी लोकल गाठावी, दाराशी उभे राहून वारा सोसावा आणि मग दिवसभर वातानुकूलित दालनात संगणकासमोर बसावे, असा ज्यांचा नित्यक्रम आहे, त्यांचे डोळे सायंकाळी चुरचुरू लागले तर त्यात नवल नाही.

बुबुळावरचा अश्रूंचा थर मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकाच जाड असतो. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून पाझरणारे तेल त्याचे बाष्पीभवन रोखते, मध्ये अश्रुग्रंथीचे खारट पाणी असते आणि तळाचा श्लेष्मा ते पाणी बुबुळावर धरून ठेवतो. या मुळातच नाजूक थराला लेन्स मधोमध दुभागते. एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा मिटणारी पापणी संगणकासमोर फारच कमी वेळा मिटते, त्यामुळे लेन्सचा पृष्ठभाग कोरडा पडतो आणि पापणी त्यावर घासू लागते. कृत्रिम अश्रूंचा थेंब हे घर्षण कमी करतो. त्यातील सोडियम हायल्युरोनेट किंवा कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोज पाणी धरून ठेवते.

परंतु थेंब कोणता, हा प्रश्न थेंब घालावा की नाही, याहून मोठा आहे. त्याचे उत्तर लेन्स कशाची बनली आहे यावर ठरते. बेगडेवाडीहून पुण्याच्या उलट दिशेला दोन स्थानकांवर, तळेगावी, पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ साली उभा राहिला, तेव्हा लेन्सही काचेचीच असे. झुरिचच्या आडोल्फ फिक यांनी तिचे वर्णन १८८८ मध्येच प्रसिद्ध केले होते. काच काही शोषत नसे. चेक रसायनज्ञ ओट्टो विख्तर्ले यांनी १९६१ साली घडविलेली मऊ लेन्स मात्र पाणी शोषते, म्हणूनच ती डोळ्याला सुसह्य होते. आणि त्याच गुणामुळे थेंबांतील बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षकही तिच्यात मुरते आणि बुबुळाच्या पेशींना तासन्‌तास इजा करीत राहते. म्हणून औषधांच्या दुकानात नुसते ‘डोळ्यांचे थेंब द्या’ म्हणणे मला गैर वाटते. लेन्सवर चालणारे, शक्यतो परिरक्षकविरहित, असे स्पष्ट सांगून वेष्टनावरील मजकूर व मुदत वाचूनच थेंब घ्यावेत. मलम, दाट जेल आणि लाली घालविणारे थेंब लेन्सवर वर्ज्य समजावेत. इतर औषधी थेंब लेन्स काढून घालावेत आणि निदान १५ मिनिटे ती पुन्हा चढवू नये.

परिरक्षक नसलेल्या थेंबांत निर्जंतुकता सर्वस्वी निर्मात्याच्या आणि आपल्या हातांवर अवलंबून असते. २०२३ साली भारतात बनलेल्या अशाच थेंबांशी संबंध जोडल्या गेलेल्या जंतुसंसर्गाने अमेरिकेत कित्येकांची दृष्टी गेली आणि काहींचे प्राणही गेले. एकवेळच्या कुपीत उरलेला थेंब संध्याकाळसाठी राखू नये आणि कुपीचे टोक पापणीला लागू देऊ नये. नळाचे, विहिरीचे किंवा इंद्रायणीचे पाणी तर लेन्सला कधीच लावू नये, कारण त्यातील अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला की त्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागले, तर थेंबांचा भरवसा सोडून लेन्स काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. नुसती चुरचुर असली, पण रोज वारंवार थेंब घालावे लागत असले, तरी त्यांना तसे सांगावे; लेन्सचा प्रकार, ती वापरण्याचे तास किंवा पापणीच्या तेलग्रंथींचा दोष, यांपैकी काय बदलावयाचे अथवा सुधारावयाचे, हे ते तपासून सांगू शकतात.