हायब्रीड गाडीला बॅटरीची ताकद कशी कळते?

सेकंडहँड हायब्रीड गाडी घ्यायची असेल तर आपण डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या पट्ट्या बघतो आणि निश्चिंत होतो. पण त्या पट्ट्या म्हणजे थेट मोजमाप नव्हे, हिशेबाने काढलेला अंदाज असतो.

लिथियम-आयन सेलमध्ये चार्ज किती उरला, हे आत डोकावून बघता येत नाही. बाहेरून व्होल्टेज, करंट आणि तापमान एवढेच मिळते. आतल्या रसायनाची सगळी समीकरणे चालत्या गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला जड जातात. म्हणून इंजिनिअर सेलऐवजी एक साधे सर्किट धरतात: चार्जप्रमाणे व्होल्टेज बदलणारा स्रोत, एक रोध, आणि रोध-कपॅसिटरची एक जोडी. करंट थांबल्यावर व्होल्टेज हळूहळू सावरते, ते ही जोडी दाखवते.

आता शाळेतला ओहमचा नियम लावू. समजा रोध ०.००२ ओहम आहे. चढावर १०० अँपिअर करंट घेतला, तर व्होल्टेज ०.२ ने पडते आणि २० वॅट उष्णता होते. सेल जुना होऊन रोध दुप्पट झाला, तर हेच आकडे ०.४ व्होल्ट आणि ४० वॅट. पट्ट्या तेवढ्याच, पण जोर कमी!

हायब्रीडमध्ये बॅटरीचे मुख्य काम जोर देण्याचेच. म्हणून आम्ही सांगतो, पैसे मोजण्याआधी मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. ॲक्सिलरेटर दाबताना बॅटरीच्या एखाद्या भागाचे व्होल्टेज इतरांपेक्षा जास्त पडत असेल, तर तो भाग कमजोर समजा. मेहनतीची कमाई आहे, नुसत्या पट्ट्यांवर सोडू नका.