पक्षाघातानंतरचे नैराश्य

पक्षाघातातून वाचलेले आजोबा घरी येतात. हातपाय थोडे हलू लागतात. पण ते बोलत नाहीत, व्यायाम टाळतात, भरल्या ताटावरून उठतात. घरचे म्हणतात, "म्हातारपणी हट्टी झाले." पुष्कळदा हा आजार असतो. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते.

रक्ताअभावी मेंदूचा भाग मरतो तेव्हा तेथे दाह होतो. इंटरल्यूकिन-६, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन ही दाहाशी निगडित द्रव्ये रक्तात वाढतात. ती, तसेच कॉर्टिसोल, नैराश्य आलेल्या रुग्णांत अधिक आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. यांना जैविक निदर्शक म्हणतात. परंतु साध्या जंतुसंसर्गातही सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन चढते, आणि उतारवयात दुखणे क्वचितच एकटे असते. त्यामुळे रक्ताच्या अहवालावरून नैराश्याचे निदान होत नाही. (त्यासाठी प्रयोगशाळेत पैसे घालवू नयेत, हे स्पष्टच सांगतो.)

निदान विचारपूस करूनच होते. गेले दोन आठवडे मन उदास आहे का? कशातच गोडी वाटत नाही का? वाचा गेलेल्या रुग्णाची झोप, जेवण, रडणे घरच्यांनी पाहून डॉक्टरांना सांगावे. औषधे मात्र त्यांच्याच सल्ल्याने घ्यावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत फ्लुऑक्सेटिनमुळे नैराश्य येण्याचे प्रमाण घटले, पण हाडे मोडण्याचे वाढले.