ताम्हन, समई आणि एक हिरवा डाग

दोस्तांनो, देवघरातलं ताम्हन आणि समई जरा शेजारी शेजारी ठेवून बघा बरं. एक लालसर, दुसरी पिवळी. ताम्हन बरेच दिवस घासलेलं नसेल तर फारच छान! कारण आज आपल्याला त्याच्यावरचा डागही हवा आहे.

आधी ताम्हन घेऊ. ते तांब्याचं. समजा, तुम्ही तांब्याचा एक कण घेतला, त्याचे तुकडे केले, तुकड्यांचेही तुकडे केले, तर शेवटी काय उरेल? तांब्याचा अणू! त्यात दुसरं काही सापडायचं नाही. एकाच प्रकारच्या अणूंनी बनलेल्या अशा पदार्थाला म्हणतात मूलद्रव्य. सोनं, चांदी, लोखंड, आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन, ही सगळी मूलद्रव्यंच. आजवर ११८ मूलद्रव्यं माहीत झाली आहेत.

आता समई. ती पितळेची. तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की पितळ होतं. पण किती तांबं आणि किती जस्त? इथे दिवाळीचा चिवडा आठवा. कुणाच्या घरी शेंगदाणे जास्त, कुणाच्या घरी डाळं जास्त, तरी तो चिवडाच! पितळेचंही तसंच. तांबं जास्त घातलं तर रंग लालसर, जस्त वाढवलं तर पिवळा, दोन्ही पितळच. प्रमाण असं कमी-जास्त करता येतं, ते मिश्रण. चिवड्यातला शेंगदाणा वेचून खाता येतो, पितळेतलं तांबं मात्र वेचता येत नाही, इतके ते दोन धातू एकजीव झालेले असतात. धातूंच्या अशा मिश्रणाला संमिश्र म्हणतात.

आणि आता आपला डाग! ताम्हनाच्या कडेला, कोपऱ्यात हिरवट थर दिसतोय? तो बाहेरून येऊन चिकटलेला मळ नाही. हवेतला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांनी तांब्याशी हळूहळू गट्टी जमवली, त्यातून हा नवाच पदार्थ जन्मला. तांब्याची चकाकी गेली, लाली गेली. मूलद्रव्यांचे अणू असे एकमेकांशी जोडले जाऊन वेगळ्याच गुणांचा पदार्थ तयार होतो, तेव्हा त्याला म्हणतात संयुग.

संयुगात चिवड्यासारखी मनमानी चालत नाही. १७९९ साली जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नेमका असाच हिरवा पदार्थ तपासला. एक नमुना निसर्गात सापडलेला, दुसरा प्रयोगशाळेत बनवलेला. दोन्हींत तांब्याचं आणि इतर घटकांचं प्रमाण अगदी सारखं निघालं! संयुग कुठेही, कुणीही बनवलेलं असो, त्यातलं प्रमाण ठरलेलंच असतं.

म्हणून तर नुसत्या पाण्याने ताम्हन लख्ख होत नाही. जोडलेले अणू सोडवायला रासायनिक क्रियाच लागते. आजी चिंच लावते ना? चिंचेतलं आम्ल त्या थराशी क्रिया करतं, थर विरघळतो आणि खालचं लाल तांबं चमकायला लागतं. याच कारणाने तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. आंबट ताक धातूशी क्रिया करतं आणि त्यातून तयार होणारी संयुगं पोटाला बाधतात. म्हणून भांड्यांना आतून कल्हई करतात. ती कल्हई कथलाची, आणि कथील पुन्हा एक मूलद्रव्यच!

या रविवारी ताम्हन घासायचं काम तुम्ही मागून घ्या. अर्ध्या भागाला चिंच लावा, अर्धा भाग तसाच ठेवा आणि दोन्ही नीट न्याहाळा. हिरवा थर तोंडात मात्र जाऊ देऊ नका, आणि काम झालं की हात स्वच्छ धुवा. चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत गेलेलं तांबं नष्ट झालेलं नसतं, हेही लक्षात ठेवा. ते आता दुसऱ्या संयुगात असतं, पण त्याचा प्रत्येक अणू तांब्याचाच असतो.