दिवस विकणारा समुद्र

नकाशावर पॅसिफिकमधला किरिबाती देश शोधायला भिंग हवं. तेहेतीस बेटं, आणि सगळी जमीन गोळा केली तरी 811 चौरस किलोमीटर. पण या देशाच्या हक्काचा समुद्र? सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर! अख्ख्या भारतापेक्षा मोठा! राजधानी तारावाहून स्वतःच्याच देशातल्या किरितिमाती बेटावर पोहोचायचं, तर मुंबई-पुणे रस्त्याने जाऊन-येऊन दहा वेळा करा, तरी अंतर उरतंच. शेजारचा नाउरू तर 21 चौरस किलोमीटरचा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे चार-पाच नाउरू मावतील. अशा सात देशांनी, बहुतेक चिमुकल्याच, 1982 मध्ये नाउरू करार करून हात मिळवले; आठवा नंतर आला. आठांचं पाणी एकत्र मोजलं तर 1 कोटी 40 लाख चौरस किलोमीटर. चार भारत पसरा, तरी कडेला जागा शिल्लक!

या पाण्यात काय आहे? टूना, आपल्या कोळणींच्या पाटीतला कुपा. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधून तो वर्षाला 27 लाख टनांच्या आसपास निघतो, जगाच्या निम्म्याहून जास्त. चार हजार टनांची एक मालगाडी धरा. पावणेसातशे मालगाड्या लागतील! एकामागे एक उभ्या केल्या तर रांग मुंबईहून पुण्याला जाईल, परत मुंबईला येईल आणि पुन्हा निघून कल्याणही ओलांडेल.

आणि हा मासा धरणाऱ्या मोठ्या जहाजांचं जाळं बघा. दीड-दोन किलोमीटर लांब, दोनशे मीटर खोल. चाळीस फुटी विहिरी एकीखाली एक रचल्या, तर सोळाव्या विहिरीच्या तळाशी या जाळ्याची खालची कड सापडेल. थव्याभोवती ते फिरवायचं, तळाची दोरी ओढायची, की जणू बटव्याचं तोंड आवळलं!

मग या जहाजांना आवर कसा घालायचा? इथे या आठांनी कमालच केली. मासा किलोवर विकण्याऐवजी त्यांनी 2007 पासून मासेमारीचा दिवस विकायला काढला. 2015 पासून एका दिवसाचा किमान भाव 8,000 डॉलर, म्हणजे सात लाख रुपयांच्या घरात. तासाला एकोणतीस हजार, मिनिटाला जवळपास पाचशे! डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला पोहोचते, तेवढ्यात तिकडे एका जहाजाचे लाखभर रुपये उडालेले असतात. थवा सापडो न सापडो, शोधाशोधीचा वेळही मीटरवर. वरून उपग्रहाची नजर, डेकवर निरीक्षक. 2010 पासून जाळं लावणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजावर तो बसतो. त्यातून जहाज ऐंशी मीटरहून लांब असेल तर चोवीस तासांत त्याच्या खात्यातून दीड दिवस वजा! सूर्य एकदा उगवला, हिशेबात दीडदा.

या आठांची कमाई 2010 मध्ये 6 कोटी डॉलर होती. दशक सरता सरता ती 50 कोटींच्या आसपास गेली. आपल्या पैशांत चार हजार कोटींच्या वर! मासा तोच, समुद्र तोच.

वर्षाला असे किती दिवस विकायला असतात? सुमारे 45,000. भागा 365 ने. एका वर्षात हे आठ देश एकशे तेवीस वर्षं विकायला काढतात!