रबराच्या पिळावरचें विमान

दिवाळीच्या सुटींत थोरला नातू धुळ्याहून जळगांवीं आला तो एक चपटी पेटी काखेंत मारूनच. गोंदूरच्या विमानतळावरून उडणारीं शिकाऊ वैमानिकांचीं विमानें पाहत तो वाढलेला. तेव्हां पेटींत विमान असावें, यांत नवल नव्हतें. नवल हें कीं, आंत विमान नव्हतेंच. बाल्सा लांकडाच्या काड्या, तलम कागद, लांबलचक रबर आणि एक नकाशा, एवढेंच. "आजोबा, हें आपण दोघांनीं करायचें," तो म्हणाला; आणि लगेच, "पण तें वर राहतें कशानें?"

हा प्रश्न मला पूर्वीं एकदां विचारला गेला होता. धुळ्यास शिक्षक असतांना, रघुवंशाच्या तेराव्या सर्गाच्या तासाला, एका मुलाचें कागदी विमान माझ्या मेजावर येऊन पडलें. मीं तें चुरगाळलें. मुलानें उभें राहून, यत्किंचितही उद्धटपणा न करतां, हेंच विचारलें. मीं त्याला पुष्पक विमान दाखवून खालीं बसविलें. सर्ग सुंदरच आहे; परंतु तें उत्तर नव्हतें, आणि हें मला तेव्हांही कळत होतें.

अशा प्रश्नाला संस्कृताचा टेकू देण्याची खोड आपल्यांत पुष्कळांना आहे. 'वैमानिकशास्त्र' नांवाचा ग्रंथ त्यासाठीं पुढें केला जातो. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं तो तपासला. ग्रंथ १९०४ पूर्वींचा नाहीं व त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निर्णय झाला. संस्कृतावर प्रेम असणाऱ्यानें तरी हें झांकूं नये.

रबरी विमानाची वंशावळ मात्र स्वच्छ आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्वीलरी बागेंत आल्फोन्स पेनो या तरुणानें पिळलेल्या रबरावर चालणारें छोटें विमान उडविलें. तें सुमारें ११ सेकंद हवेंत राहिलें. त्याच्याच कल्पनेवरचें एक रबरी खेळणें १८७८ सालीं राईट बंधूंना वडिलांनीं आणून दिलें. पुढें १९०३ सालीं त्या बंधूंचें पहिलें उड्डाण झालें, तें १२ सेकंदांचें!

बाल्सा हें मुख्यतः इक्वेडोरचें लांकूड. दिसण्यांत भेंडासारखें, वजनांत सागाच्या सुमारें चौथाई. नकाशा पाटावर पसरून वर मेणकागद घालावा व काड्या टांचण्यांनीं जागच्या जागीं धरून चिकटवाव्या. टांचणी काडीच्या पोटांत खुपसूं नये, दोहों बाजूंस लावावी. हें मला नातवानें शिकविलें. सांगाड्यावर कागद चढवून पाण्याचा बारीक फवारा मारला कीं, वाळतांना तो ढोलाच्या कातड्यासारखा ताणतो. येथें माझी घाई नडली. ओला पंख पाटावर न जखडतां मीं उन्हांत ठेवला, आणि तो पापडासारखा वळला. नातू कांहीं बोलला नाहीं. त्याच्या जागीं माझा विद्यार्थी असता तर मीं खास बोललों असतों. पंख पुन्हां भिजवून, वजनाखालीं रात्रभर ठेवून सरळ केला.

मेहरूण तलावाजवळच्या मोकळ्या जागेवर पहांटे, वारा सुटण्यापूर्वीं गेलों. प्रथम पीळ न देतां नुसतें सोडून पाहावें. आमचें विमान नाक वर करून शेपटीवर आदळलें. नाकांत चिमूटभर माती चिकटविली, पुन्हां सोडलें, पुन्हां चिकटविली. तिसऱ्या खेपेस तें सरळ तरंगलें. मग रबराला एरंडेल चोळून, तें ताणून पीळ भरला. पीळ आरंभीं जोरांत उलगडतो, म्हणून विमान चढतें, मग मंदावतो, पंखा थांबला कीं विमान घसरत घसरत उतरतें. पंख पुढची कड किंचित उचलून हवेंतून जातो, हवेला खालीं लोटतो, आणि हवा त्याला वर लोटते. हें मीं नातवाला सांगितलें खरें. परंतु पंख पापड झाला तेव्हांच त्याला अर्धें समजलें होतें, आणि मलाही.

त्यानें मोठ्यानें आंकडे मोजले. चौदा झाले. "राईटपेक्षां दोन जास्त!" म्हणून तो विमानामागें धांवला.

उन्हानें रबर कुजतें, म्हणून तें डब्यांत घालून माजघरांत अंधारांत ठेवलें आहे. त्या मुलाचें नांव मला अजून आठवतें. त्याला पत्र लिहून ठेवलें आहे. नातवाला पोंचविण्यास धुळ्यास जाईन तेव्हां शाळेंत त्याचा पत्ता विचारणार आहें.