विश्लेषण : जुन्या गाडीचा फ्यूज वारंवार का उडतो?

भर पावसात घाटात वायपर थांबतात किंवा रात्री महामार्गावर हेडलाइट विझतात. पाहावे तर फ्यूज उडालेला. नवा टाकला, तर तोही उडतो. मग ‘जरा मोठा टाका’ किंवा ‘सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा’ असा सल्ला हमखास मिळतो. गाडीला आग लागण्याचे निमित्त ठरू शकतो, तो नेमका हाच सल्ला.

फ्यूजचे काम काय?

फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा असतो. वायरला सोसणार नाही इतका प्रवाह वाहू लागला, की फ्यूजमधली पट्टी आधी वितळते आणि वायर वाचते. पात्याच्या आकाराच्या फ्यूजचा रंग त्याची क्षमता सांगतो. लाल १०, निळा १५, पिवळा २०, तर हिरवा ३० अँपिअरचा. कोणत्या जागी कोणता फ्यूज हवा, हे गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर दिलेले असते.

मोठा फ्यूज का नको?

१५च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज टाकला, तरी वायर आधीचीच राहते. आता फ्यूजऐवजी वायर तापते, तिचे प्लास्टिकचे आवरण वितळते आणि शेजारच्या वायरीही सापडतात. हे सारे डॅशबोर्डमागे, नजरेआड घडते. दुखणे वायरीत आणि उपचार फ्यूजवर, म्हणजे ‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’.

कधीकधी दोष वायरीचा नसतो, वाढवलेल्या भाराचा असतो. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर घेतो. दोन बल्बचे झाले नऊच्या आसपास. हौसेने १०० वॅटचे दोन बल्ब लावले, की हा आकडा १६च्या पुढे जातो. मग १५ अँपिअरचा फ्यूज टिकणार कसा? अशा वेळी मूळ वॅटचेच बल्ब लावणे शहाणपणाचे.

फ्यूज कधी उडतो, यावरून काय कळते?

निदानाची सुरुवात इथूनच होते. बटण बंद असतानाही फ्यूज बसवताक्षणी उडाला, तर शॉर्ट सहसा फ्यूज आणि बटण यांच्यामधल्या वायरीत असतो. बटण दाबल्यावर उडाला, तर बटणापुढच्या वायरीत किंवा त्या उपकरणात. खड्ड्यात आदळल्यावर किंवा दार, डिकी उघडताना उडाला, तर कुठेतरी वायर घासून उघडी पडली आहे. काही मिनिटे चालून उडत असेल, तर वायपर किंवा पंख्याची मोटर जड झाली असावी.

शॉर्ट शोधायचा कसा?

एकामागून एक फ्यूज जाळण्यापेक्षा जुन्या वायरमनची युक्ती वापरावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरींनी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असला, तरी बल्बमुळे प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहतो, त्यामुळे वायर जळत नाही. त्या फ्यूजवरची सगळी उपकरणे बंद असूनही बल्ब लख्ख पेटला, तर शॉर्ट आहे. शॉर्ट बटणापुढे असल्याची शंका असेल, तर उपकरणाचा जोड काढून बटण सुरू करावे आणि मग बल्ब पाहावा. आता एकेक जोड सोडत जायचे, वायरी हलवत जायच्या. ज्या क्षणी बल्ब विझेल, तिथे दोष. दाराच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप, डिकीचा कोपरा, मागाहून बसवलेल्या स्टिरिओची जोडणी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आधी तपासाव्यात.

फ्यूज शाबूत, तरी दिवे मंद का?

गाडीचा लोखंडी सांगाडा हीच बॅटरीकडे परतणारी वाट असते. अर्थिंगच्या बोल्टला गंज चढला, की प्रवाह भलत्या वाटेने परततो. इंडिकेटर लावल्यावर मागचा दिवाही त्याच तालात मिचकावू लागला, तर तिथले अर्थिंग गेले समजावे. बोल्ट सोडवून, गंज घासून घट्ट बसवला, तर अनेकदा काम भागते.

हात कधी आखडावा?

वायरिंगला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. बल्बची चाचणी घेतानाच ते पुन्हा जोडावे. एअरबॅगच्या, सहसा पिवळ्या जोडांच्या वायरींना घरी हात लावू नये. जळका वास आला किंवा वायर मऊ लागली, तर गाडी चालवू नये, ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे. प्रवासात योग्य क्षमतेचे दोन-चार फ्यूज जवळ असावेत. मात्र बदललेला फ्यूजही उडाला, तर तिसरा टाकण्याआधी वायर तपासावी.