कामाकडे पाठ

लालबागहून लोअर परळला जाताना करी रोडचा पूल लागतो. डिसेंबरातल्या एका सकाळी पुलावर गर्दी तुंबली म्हणून कठड्याशी थांबले आणि खाली पाहिलं. नारिंगी जाकिटं घातलेले सात-आठ जण रुळांत वाकून काम करत होते. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर एक जण नुसता उभा होता. कामाकडे त्याची पाठ होती, बगलेत गुंडाळलेली झेंडी होती.

मग शिट्टी वाजली. वाकलेले सगळे एकदम सरळ झाले, पहारी उचलल्या आणि रुळांबाहेर एका ओळीत उभे राहिले. फास्ट लोकल आली आणि गेली. त्यांची जाकिटं वाऱ्याने फुगलेली मला वरून दिसली. गाडीची शेपटी पुढे सरकली तसे ते पुन्हा रुळांत उतरले. शिट्टीवाल्याने मात्र मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ती पाठ डोक्यातून जाईना. परवानगीचे सोपस्कार झाले आणि दीड महिन्याने मी सुपरवायझरच्या सोबतीने त्याच मार्गावर खाली उतरले. शिट्टीवाला तोच होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. मी नमस्कार करून प्रश्न विचारणार, तेवढ्यात समोरून नजर न हटवता तो म्हणाला, "ताई, मी उभा असताना माझ्याशी बोलायचं नाही."

मी गप्प बसले. खाली उभं राहिलं की वास आधी जाणवतो. ग्रीस, ब्रेकची जळकी भुकटी, नाल्याचा ओला दर्प आणि खडीवर तापलेलं ऊन, सगळं एकत्र. कीमन हातोड्याचा एकेक घाव घालून सैल झालेल्या क्लिपा बसवत होता. बाकीचे स्लीपरखालची खडी दाबत होते. दर थोड्या वेळाने शिट्टी, आणि तिच्यापाठोपाठ हाक: "डाऊन फास्ट!" "अप स्लो!"

ही हाक म्हणजे नुसती सूचना नसते. मुंबईत एकमेकांना लागून चार-चार मार्ग आहेत. गाडी कोणत्या मार्गावर येते आहे हे कळलं नाही, तर घाबरून बाजूला झालेला माणूस नेमका दुसऱ्या गाडीच्या वाटेत जायचा. सीएसएमटीकडे जाणारी ती अप, तिकडून येणारी डाऊन. आपण प्रवासी कल्याण-ठाण्याच्या नावाने गाड्या ओळखतो. यांचा जीव या दोन शब्दांवर असतो.

जेवणाच्या सुट्टीत भारतमाता सिनेमाजवळच्या टपरीवर शिट्टीवाला बोलला. पहिल्यांदा त्याने आकडा सांगितला. "15 सेकंद. गाडी दिसल्यापासून आमच्याकडे 15 सेकंद." मी हिशेब केला. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. 15 सेकंदांत 420 मीटर. वळण असलं, दुसरी लोकल आडवी आली, की तेवढेही हाती राहत नाहीत. त्यातच त्याने गाडी ओळखायची, शिट्टी फुंकायची. इतरांनी ती ऐकायची, पाठ सरळ करायची, रुळावर हत्यार राहिलं नाही ना ते बघायचं आणि बाहेर यायचं. पावसात पुढचं दिसत नाही. नव्या लोकलचा खडखडाट जुन्यांसारखा लांबून कानावर येत नाही. "आणि शेजारून गाडी जात असली तर शिट्टी तरी कुणाला ऐकू येते?" तो म्हणाला. अशा वेळी तो धावत जाऊन हाताने ओढतो.

रेल्वेच्या नियमांत संरक्षण आहे, ते चांगलं तपशीलवार आहे. रूळ उघडला, गाडी थांबवणं भागच असलं, तर 600 मीटरवर रुळांवर आडवा लाल बॅनर, 1200 मीटरवर फटाके. चाकाखाली फटाका फुटला की मोटरमन सावध होतो. पण मी पाहिलेलं रोजचं काम असं नसतं. क्लिप बसवायला, खडी दाबायला गाडी थांबत नाही. पहिलं संरक्षण गाडीला थांबवतं, दुसरं, म्हणजे शिट्टी, माणसाला हलवतं. ते दुसरं पूर्णपणे एका माणसाच्या डोळ्यांवर आणि फुप्फुसांवर टाकलेलं आहे. इतकं ओझं एका माणसावर टाकणं मला मान्य होत नाही.

अनिल काकोडकर समितीने 2012 मध्ये रेल्वेच्या सुरक्षेचा अहवाल दिला. 2007-08 पासून ऑक्टोबर 2011 पर्यंत काम करताना सुमारे 1,600 रेल्वे कर्मचारी मेल्याचं त्यात नोंदलं आहे. त्याच काळात गाड्यांच्या अपघातांत मेलेल्या प्रवाशांपेक्षा ही संख्या जास्त होती. प्रवाशांच्या अपघाताची बातमी दिवसभर चालते. यांची चार ओळींत संपते. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी गाडी येत असल्याचा इशारा देणाऱ्या 'रक्षक' यंत्राची घोषणा केली होती. मी पाहिलेल्या टोळीजवळ शिट्टी होती.

13 फेब्रुवारी 2023 ला नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ पहाटे काम करणाऱ्या चार ट्रॅकमेंटेनरना टॉवर वॅगनने उडवलं. ही ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीची गाडी, म्हणजे घरचीच. ती उलट्या दिशेने आली. 22 जानेवारी 2024 च्या रात्री वसई ते नायगावदरम्यान सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले तिघे लोकलखाली गेले. मी या दोन्ही गोष्टींचा विषय काढला तेव्हा त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "उलट्या दिशेने," एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "15 सेकंद सरळ दिशेचे असतात ताई."

त्यानंतर एका रात्री मी परळजवळ ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून चालणारं काम, पाहिला. शेवटच्या लोकल गेल्यावर कंट्रोलकडून परवानगी आली, वायरमधली वीज बंद केली, अर्थिंगच्या काठ्या लावल्या आणि रूळ जोडण्याचं काम सुरू झालं. 25 मिलिमीटरच्या फटीभोवती साचा बसवला, भट्टीतलं मिश्रण पेटलं, पांढऱ्या उजेडात सगळ्यांची तोंडं दिसली आणि रात्रभर जळक्या लोखंडाचा वास कपड्यांना राहिला.

शिट्टीवाला तिथेही होता. त्या रात्री शेजारच्या मार्गावरही गाडी नव्हती. तो रुळावर बसला होता, जाकिटाची चेन उघडी, शिट्टी गळ्यात लोंबत होती. कामाकडे तोंड करून तो जोडणी बघत होता, हसत होता, एका पोराला साचा कसा धरायचा ते सांगत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याचा चेहरा समोरून इतका वेळ पाहिला. माझ्याशीही तो भरभरून बोलला. गावच्या विहिरीचं, मुलीच्या परीक्षेचं.

रविवारच्या मेगाब्लॉकला मीही बोटं मोडत आले आहे. दादरला ताटकळताना, लग्नाला उशीर होताना. त्या तासांत गाडी थांबते, म्हणून माणसाला पळावं लागत नाही, हे मला आजवर दिसलं नव्हतं. आपण प्रवासी हे तास आनंदाने द्यायला हवेत. आणखी मागितले तर तेही.

त्या रात्री साडेतीनच्या सुमारास मुकादमाने हत्यारं मोजायला लावली. पहारी, पंजे, हातोडे, घमेली. एक पाना कमी भरला, तो खडीत सापडला. अर्थिंगच्या काठ्या निघाल्या, फोनवर ब्लॉक संपल्याचा निरोप गेला. शिट्टीवाला मला मुलीच्या गणिताच्या पेपरबद्दल सांगत होता. मध्येच थांबला, उठला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि शिट्टी ओठांत धरून भायखळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मीही बोलले नाही.